हुरड्यावर आलेला महिना

दुबईकडे जाऊन आले म्हटल्यावर ठाण्यात जो भेटेल तो विचारतो, उंच इमारत बघितलीस का, वाळूत गाडी उडवलीस का, मॉलमधलं मत्स्यालय कसं आहे. मी सांगते, मी जव बघून आले. समोरचा हसतो. मग मी सांगते की चंद्र बघायला डोंगरावरही गेले होते, पण तो दिसला की नाही ते मला अजून नक्की माहीत नाही. इथपर्यंत आल्यावर बहुतेक जण विषय बदलतात.

आम्ही बेने इस्रायल. कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. आमचे सण शाळेच्या कॅलेंडरात नसतात, म्हणून लहानपणापासून घरात वेगळं छापील कॅलेंडर असे. सिनेगॉगमधून आणायचं, स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवायचं आणि त्यात जे लिहिलंय ते करायचं. ते कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, असा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नाही. गंमत म्हणजे मी शाळेत भूगोल शिकवत होते. चंद्राच्या कला फळ्यावर काढून काढून माझी बोटं खडूने पांढरी झालेली. पण आकाशात बघून महिना सुरू करायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

ती आली डायनाच्या फोनमुळे. डायना माझी भावजय. माझा धाकटा भाऊ शिमशोन, आमचा शिमू, दुबईत एका एसीच्या कंपनीत इंजिनीअर आहे आणि शारजात राहतो. आई गेल्यावर काही वर्षांनी बाबांना त्याने आपल्याकडे नेलं.

"ताई, तुम्ही या," डायना म्हणाली. "बाबांना पेसाहसाठी ठाण्याला घेऊन जा. मी आणि तमारापण तुमच्याबरोबर येतो. या घरात यंदा पेसाह कधी आहे हेच कोणाला माहीत नाही."

पेसाह म्हणजे आमचा मोठा सण. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण. मराठी बायबलात त्याला वल्हांडण म्हणतात. आठवडाभर घरात खमिराचा कण ठेवायचा नाही, पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी एका टेबलाशी बसून सुटकेची गोष्ट वाचायची. या सणाला घर एकत्र असतं. आणि डायना सांगत होती की ती मुलीला घेऊन, नवऱ्याला सोडून येणार.

शारजा

विमानतळावर शिमू एकटा आला होता. वाटेत गाड्यांची रांग हलेना, तसं त्याने तिथेच मला समजवायला घेतलं.

"ताई, छापील कॅलेंडर गणितावर चालतं. बरोबर? पण तोऱ्हामध्ये, आपल्या धर्मग्रंथात, गणित नाहीये. तिथे म्हटलंय, अबीब महिना पाळा. अबीब म्हणजे काय? जवाची कणसं भरली, पण अजून कडक झाली नाहीत, ती अवस्था. वर्षाचा शेवटचा महिना संपताना पवित्र भूमीत जाऊन जव बघायचं. भरलं असेल तर पुढची कोर दिसली की पहिला महिना सुरू, त्याच्या पौर्णिमेला पेसाह. भरलं नसेल तर एक महिना थांबायचं. खलास. इतकं सोपं."

"मग छापील कॅलेंडरात काय आहे?"

"छापील कॅलेंडरात यंदा जादा महिना घातलाय. वर्षाचा शेवटचा महिना अदार, तो संपला की पुन्हा अदार."

हे मला कळलं. आपल्याकडे अधिक महिना येतो तसंच. चंद्राचं वर्ष सूर्याच्या मागे पडतं, म्हणून मधूनमधून एक महिना जोडून घ्यायचा. फरक एवढाच की अधिक महिना पंचांगवाले जोडतात आणि शिमूच्या मते तो जवाने जोडायचा असतो.

"म्हणजे येणारा महिना डायनाच्या हिशेबात दुसरा अदार," मी म्हटलं, "आणि तुझ्या हिशेबात कदाचित वर्षाचा पहिला महिना."

"जव भरलं असेल तर."

"आणि भरलंय का?"

शिमूने गाडी दोन हात पुढे घेतली. मग म्हणाला, "तोच तर गोंधळ आहे."

इस्रायलमध्ये काही लोक दरवर्षी शेतं आणि ओसाड माळ हिंडून जव बघतात आणि फोटो पाठवतात. त्यांच्यातल्या एका गटाने यंदा सांगितलं होतं, भरलंय. दुसऱ्या गटाने सांगितलं होतं, नाही. फोटो दोघांचेही शिमूच्या फोनवर होते. सिग्नलला त्याने मला दाखवले. हिरवी कणसं, कोणाच्या तरी तळहातावर दाणे. मला दोन्ही सारखेच दिसले.

घर उंच इमारतीत होतं. दार उघडताच डायना गळ्यात पडली, आणि मला वाटलं की ही आता रडणार. पण तिने मला सरळ स्वयंपाकघरात नेऊन फ्रीज दाखवला. फ्रीजच्या दाराला तिने छापील कॅलेंडर लावलं होतं. बाजूच्या भिंतीवर शिमूने हाताने आखलेला कागद चिकटवला होता, त्यात येणाऱ्या महिन्याचं नाव लिहायची जागा कोरी.

"मागच्या वर्षी आमच्यात फक्त थोड्या दिवसांचा फरक होता," ती म्हणाली. "तेव्हासुद्धा तमाराच्या वाढदिवसाचा केक याच्या पेसाहमध्ये आला. हा केक घरात नको म्हणाला. पोरगी मैत्रिणीच्या घरी जाऊन केक कापून आली. यंदा तर अख्ख्या महिन्याचा फरक! मी माझ्या माहेरी, सासरी, सगळीकडे जे पाळलं ते पाळते. मी काय चुकीचं करते, तुम्ही सांगा."

तमारा, त्यांची मुलगी, अकरावीत. ती हॉलमधून ओरडली, "आत्या, डोन्ट टेक साइड्स! इट्स अ ट्रॅप!"

बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते, पण डोळे तरतरीत. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "रिबी, तू आलीस ते बरं झालं. मला एकच सांग, मी आज पाव खाऊ शकतो ना?"

"आज खाऊ शकता, बाबा."

"मग आण. उद्याचं कोणाला ठाऊक."

जेवायला डायनाने नारळाच्या रसातली मासळी केली होती, अगदी अलिबागची चव. भात, कोथिंबिरीची चटणी. शिमू जेवताना म्हणाला, "उद्या मी अल ऐनला चाललोय. तिथे एका शेतावर जव आहे. ताई, तू येतेस?"

"इथलं जव तुझ्या कामाचं आहे का?" मी विचारलं. "तू तर पवित्र भूमीतलं म्हणालास."

"मोजायचं तिथलंच. पण मी जव आयुष्यात हातात धरलेलं नाही. फोटोवरून कोण खरं सांगतंय ते मला कळत नाही. एकदा हाताला कळलं पाहिजे."

डायनाने भाताचं भांडं जरा जोरात ठेवलं. पण बाबा म्हणाले, "मीपण येतो," आणि मग तमाराला आजोबांची काळजी घ्यायला यावंच लागलं. डायना आली नाही.

अल ऐनच्या शेतात

अल ऐन मला आवडलं. शारजाच्या गर्दीनंतर तिथे श्वास मोकळा झाला. रुंद रस्ते, बुटकी घरं आणि जिकडेतिकडे खजुराची झाडं. मरूद्यानाच्या आत शिरलं की उन्हाचा रंगच बदलतो. पाण्याचे अरुंद पाट झाडांच्या बुंध्यांमधून जातात, आणि कोकणातल्या पोफळीच्या बागेत यावा तसा ओल्या मातीचा वास येतो. मी तिथेच बसायला तयार होते, पण शिमूला घाई होती.

शेत गावाबाहेर होतं. मालक अबू खालिद, वयस्क एमिराती, पांढरी पायघोळ कंदूरा, हातात काठी. त्यांच्या शेतघराचं एसीचं काम शिमूच्या कंपनीने केलं होतं, त्यावरून ओळख. आयुष्यभर हिंदी माणसांशी व्यवहार केल्यामुळे ते हिंदी बोलत, आणि त्यांची हिंदी माझ्या हिंदीइतकीच धेडगुजरी होती, त्यामुळे आमचं छान जमलं.

"जौ?" ते म्हणाले. "जौ तो कल काट दिया. बकरी खा गया."

शिमूचा चेहरा पडला. समोर गोठ्यात शेळ्या शांतपणे रवंथ करत होत्या. आमचा पहिला महिना त्यांच्या पोटात गेला होता. तमाराला हसू आवरेना. ती पाठ फिरवून फोनमध्ये बघत राहिली.

"थोडा पाट के बाजू में है," अबू खालिद म्हणाले. "पर क्या करेगा? तुम्हारे घर में बकरी है?"

शिमूने त्यांना समजवायचा प्रयत्न केला, की जवावरून महिना ठरतो. अबू खालिदनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "चाँद से नहीं होता?"

"चाँद से भी होता है," मी म्हटलं.

"फिर जौ किसलिए?"

मी अधिक महिन्याचं सांगू लागले. चांद्रवर्ष, सौरवर्ष, ऋतू मागेपुढे सरकणं. शाळेत हा धडा मी डोळे मिटून घेत असे. इथे दोन वाक्यांनंतर मी स्वतःच अडकले, कारण त्यांनी सरळ विचारलं, "सरकेगा तो सरकने दो. हमारा रमजान गर्मी में आता है, ठंडी में आता है. उस में क्या तकलीफ?" त्यांच्या कॅलेंडरात जोड महिना नाहीच. सण सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि त्यांचं काही अडत नाही.

पाटाच्या कडेला खरंच जवाची एक पट्टी उरली होती. शिमू तिच्यात गुडघ्यांवर बसला. कणसं कमरेला लागतील एवढी उंच, काही हिरवी, काही फिकट पिवळी, वरची लांब कुसळं उन्हात चमकत होती. त्याने एक कणीस तोडलं, दाणा नखाने दाबला. पांढरं दूध आलं. दुसरा दाबला. तो घट्ट होता. तिसरा मधेच कुठेतरी.

"ताई, तू बघ."

मी बघितलं. मला काही कळलं नाही.

जुनी परीक्षा भाजून बघायची आहे, शिमू म्हणाला. भरलेला दाणा आगीवर टिकतो, कच्चा आक्रसून जातो. अबू खालिदनी कॉफीच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं. आम्ही सगळे त्या शेगडीभोवती चटईवर बसलो. त्यांनी आम्हाला खजूर आणि बिनसाखरेची वेलचीची कॉफी दिली, आणि शिमूने निखाऱ्यांवर जवाची कणसं धरली. कुसळं भुर्रकन जळाली. दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली. काही दाणे टपोरे राहिले, काही सुरकुतले.

"अर्धे आहेत, अर्धे नाहीत," शिमू म्हणाला. त्याचा आवाज असा होता जसा काही त्याचा स्वतःचा निकाल लागला होता.

बाबांनी त्याच्या हातातले दाणे उचलून तोंडात टाकले. सावकाश चावले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हा तर हुरडा!"

"काय?"

"हुरडा. ज्वारीचा नसेल, जवाचा. पण हुरडाच. जरा मीठ आणि लसणीची चटणी असती तर." ते अबू खालिदकडे वळले. "बहुत अच्छा. और है?"

एवढा वेळ जे मला शिमूच्या फोटोंतून आणि व्याख्यांतून कळलं नव्हतं ते त्या एका शब्दात कळलं. दाणा भरलाय, पण वाळला नाही. भाजून खाता येतो, दळता येत नाही. अबीब म्हणजे पीक हुरड्यावर आलं. त्यावर वर्ष सुरू करायचं. क्षणभर मला ते फार सुंदर वाटलं.

पण क्षणभरच. कारण लगेच दुसरा प्रश्न आला. हुरडा तरी काय एका दिवशी येतो? एका शेतात लवकर, दुसऱ्यात उशिरा. एका कणसातसुद्धा वरचा दाणा वेगळा, खालचा वेगळा. मग महिना कोणत्या दाण्याने ठरवायचा?

मी हे शिमूला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं होतं हातात धरलं की कळेल." बाबा आणि अबू खालिद तोपर्यंत दुसरं कणीस भाजत होते.

डोंगरावर

त्याच संध्याकाळी कोर शोधायची होती. अल ऐनला लागून एक मोठा उघडा डोंगर आहे, जबल हफीत, वरपर्यंत वळणावळणाचा रस्ता. वर पोचलो तर आमच्याआधी बरेच लोक. मला आधी वाटलं की शिमूसारखेच कोणी. पण ते रमजानची कोर बघायला आले होते. कोणी दुर्बीण लावली होती, कोणी चटया पसरून मुलांना खाऊ देत होतं. एक केरळी कुटुंब होतं, काही अरब तरुण होते. सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे. जी कोर त्यांच्यासाठी उपवासाचा महिना आणणार होती, तीच डायनासाठी दुसरा अदार आणणार होती, आणि शिमूसाठी कदाचित नवं वर्ष. आणि माझ्या ठाण्याच्या शेजारणींसाठी तीच फाल्गुन, पुढे होळी. एका कोरीला एवढी कामं.

आणि पश्चिमेला धुरळा. सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच मातकट होऊन विरघळला. खाली पसरलेलं शहर, दिवे लागत होते, त्यापलीकडे वाळू आणि आकाश यांच्यात सीमाच नव्हती.

शिमू चष्मा पुसून बघत होता, काढून बघत होता. बाबांना मी शाल दिली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं.

आणि तेव्हा मला वाटलं की मला दिसली. धुरळ्याच्या किंचित वर, केसासारखी बारीक, तिरपी.

"तिकडे!" मी म्हटलं.

शिमू माझ्याजवळ धावत आला. "कुठे? ताई, कुठे?"

मी बोट दाखवलं. पण बोटामागे बघितलं तर तिथे काही नव्हतं. तमारा म्हणाली, "आय थिंक आय सॉ इट टू," आणि फोटो काढला. फोटोत मातकट पट्टा.

"ताई, नीट आठव," शिमूने माझा दंड धरला. "तू बघितलीस का? दोन साक्षीदार लागतात. तू आणि तमारा. तुम्ही बघितली असेल तर आज संध्याकाळपासून महिना सुरू होतो. नाहीतर उद्या. खरं सांग."

माझ्या आयुष्यात मला इतकं अवघड वाटेल असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हो म्हणावं तर मनात शंका, नाही म्हणावं तर तेही खोटं बोलल्यासारखं. त्याचा चेहरा बघून हो म्हणून टाकावंसं वाटलं. पण मी म्हटलं, "मला वाटलं की दिसली. त्यापलीकडे मी काही सांगू शकत नाही."

तेवढ्यात त्या अरब तरुणांत गडबड उडाली. फोनवर बातमी आली होती: देशात दुसरीकडे कोर दिसली, रमजान सुरू. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले, केरळी बाईने तमाराच्या हातात मिठाई ठेवली. एवढ्या आनंदात शिमू एकटा दगडावर बसला होता.

आम्ही खाली एका छोट्या कॅफेटेरियात चहा घ्यायला थांबलो. दाट, वेलचीचा, दुधाळ चहा आणि पराठा. तिथे शिमूच्या फोनवर जेरुसलेमहून निरोप आला. तिथल्या लोकांनी कोर बघितली होती, चार डोळ्यांनी, ढग नसलेल्या आकाशात. महिना सुरू. पण कोणता महिना, त्यावर दोन गट दोन बाजूंना. जव भरलंय. जव भरलं नाही.

शिमूने फोन टेबलावर उपडा ठेवला.

"मी हे का करतो, तुला माहितीय का?" तो म्हणाला. तो माझ्याशी बोलत होता, पण बघत चहाच्या कपाकडे होता. "आई गेली अदारमध्ये, पुरीमच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. त्या वर्षी अदार एकच होता. पुढे दोन अदारांचं वर्ष आलं. मी इथल्या एका माणसाला विचारलं, आईच्या स्मृतिदिनाचा दिवा कोणत्या अदारात लावायचा? तो म्हणाला, पहिल्या. मी लावला. एकट्याने, कामावरून येऊन; बाबा, डायना, तमारा तेव्हा अजून ठाण्यालाच होते. मग एका महिन्याने तुझा फोन आला, की आज आम्ही सगळे आईसाठी बसलोय, तू दिवा लावलास का? ठाण्याला दुसरा अदार पाळतात. मला कोणी सांगितलंच नव्हतं."

"शिमू, अरे, दोन्ही पद्धती असतात."

"असतील. पण मला तेव्हा असं वाटलं की आईचा दिवस माझ्या हातून निसटला. माणसं बसून ठरवतात, आई कधी गेली ते. म्हणून मी म्हटलं, माणसांचं नको. आभाळात दिसेल, जमिनीत उगवेल, ते खरं. आणि आता बघ. तिथेपण माणसंच."

तमाराने हळूच कानांतून इअरफोन काढले. तिने हे आधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. बाबांनी पराठ्याचा तुकडा चहात बुडवला होता, तो तसाच त्यांच्या हातात राहिला.

रात्री आम्ही शारजाला परतलो. घराच्या खाली गाडी लावताना शिमू म्हणाला, "अबीब आहे. मी पहिला महिना धरतो." कशावरून ते त्याने सांगितलं नाही, आणि मला ते आजही कळलेलं नाही.

पुन्हा शारजा

शिमूने त्या कोऱ्या जागेत महिन्याचं नाव लिहिलं. डायनाने ते वाचलं आणि बॅगा काढल्या. जायचा दिवस पौर्णिमेच्या बराच आधीचा होता. बाबा, मी, डायना, तमारा ठाण्याला. शिमू इथे एकटाच पेसाह करणार.

मी तिला कॅफेटेरियातलं सगळं सांगितलं. सांगावं की नाही यावर बराच विचार केला होता, पण नवऱ्याचं मन बायकोला नणंदेकडून कळावं हेही बरं नाही आणि कळूच नये हे त्याहून वाईट. डायना ऐकत राहिली. मग ती उठून फ्रीजसमोर जाऊन उभी राहिली. बोट छापील कॅलेंडरावर ठेवलं, मग शिमूच्या कागदावर. पुन्हा कॅलेंडरावर.

"ताई, इकडे या. मी चुकतेय का बघा."

तिने दाखवलं. शिमूच्या हिशेबात पेसाहची पहिली संध्याकाळ. आणि छापील कॅलेंडरात त्याच संध्याकाळी, कारण आमचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, दुसऱ्या अदारातला पुरीम संपून पुढचा दिवस लागतो. आईचा दिवस. ठाण्याच्या पद्धतीने आईचा दिवा त्याच संध्याकाळी लावायचा होता.

आम्ही दोघींनी दोनतीनदा मोजलं, कारण आमचा दोघींचाही स्वतःवर विश्वास नव्हता. मग डायनाने शिमूला हाक मारली. तो बघत राहिला. मागच्या महिन्यात त्याचा आपल्या हिशेबाने आईचा दिवा लावून झाला होता.

"मी तुझा पेसाह पाळत नाही," डायना म्हणाली. "मला नाही पटत. पण आईंचा दिवा मी दरवर्षी लावते, तो यंदाही लावणार. आणि तो या घरात लावणार."

तिने बॅगा परत माळ्यावर टाकल्या. आमचं जाणं पुढे ढकललं.

आता प्रश्न पुरीमचा होता. एस्तेर राणीचा हा सण आमच्याकडे पुरणपोळीशिवाय होत नाही, आणि त्याच दिवशी शिमूने घरातून कणीक, पाव, सगळं बाहेर काढलं होतं. डायना पुरण घेऊन शेजारच्या शबाना भाभींकडे गेली. त्या हैदराबादच्या, रोजा धरलेल्या. "यहीं बनालो," त्या म्हणाल्या, "मेरेकु भी इफ्तार में हो जाते." डायनाने त्यांच्या तव्यावर पोळ्या भाजल्या. मी आणि तमाराने दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ल्या, भुकेल्या यजमानीणबाईंच्या समोर, अपराधी होऊन. त्या मात्र आम्हाला तूप वाढत होत्या. बाकीच्या पोळ्या त्यांच्या इफ्तारला ठेवल्या.

संध्याकाळ होत आली. इमारतीखाली मुलं होळीच्या रंगाच्या पिशव्या मोजत होती. टेबलावर शिमूने स्वतः भाजलेल्या बेखमीर भाकऱ्या, वेड्यावाकड्या, कडा करपलेल्या. खजुराचा दाट पाक, कडू भाजी, काळ्या मनुकांचं सरबत. आणि मधोमध डायनाने ठेवलेला तेलाचा दिवा. सूर्य मावळला, दूर इफ्तारची तोफ वाजली, मशिदीतून अजान आली. शबाना भाभींच्या घरात भांडी वाजू लागली. डायनाने दिवा लावला. शिमू तिच्या शेजारी उभा राहिला आणि दोघांनी मिळून आईचं नाव घेतलं.

मग वाचन. सगळ्यात लहान मुलाने विचारायचा असतो तो प्रश्न तमाराने विचारला, की आजची संध्याकाळ बाकी संध्याकाळींपेक्षा वेगळी का. पुस्तकातलं संपल्यावर ती थांबली नाही.

"आजोबा, बट इज इट रिअली टुडे?"

शिमूने मान खाली घातली. बाबांनी चष्मा काढला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण एक सांगतो. मिसरातून सुटून रानात असताना काही लोक मोशेकडे, आपल्या पुढाऱ्याकडे, आले. म्हणाले, आम्हाला पेसाह वेळेवर करता आला नाही, आम्ही काय करायचं? मोशेला उत्तर माहीत नव्हतं. मोशेला! तो म्हणाला, थांबा, मी विचारून सांगतो."

"देन?"

"मग उत्तर आलं. जो वेळेला शुद्ध नव्हता, किंवा दूरच्या प्रवासात होता, त्याने दुसऱ्या महिन्यात करावा. तेवढाच खरा."

शिमूने मान वर केली. तोऱ्हा त्याने माझ्यापेक्षा जास्त वाचली होती, हे त्याला माहीत असणारच. पण त्याच्या हिशेबातला दुसरा महिना म्हणजे छापील कॅलेंडरातला पेसाह, हे त्याला आता सुचलं असावं.

"बाबा, पण तो प्रवासात असलेल्यांसाठी आहे," तो म्हणाला. "माझा तर आज झाला."

"तुला किती वर्षं झाली घर सोडून?" बाबांनी विचारलं.

डायनाने त्याच्या ताटात भाकरीचा तुकडा ठेवला आणि आम्ही जेवायला लागलो.

त्यानंतर बाबांना घेऊन मी ठाण्याला आले; डायना आणि तमारा मागून येणार होत्या. महिन्याने पेसाह आला, छापील कॅलेंडराप्रमाणे. घरात पाहुणे, टेबल भरलेलं, बाबा पुस्तक उघडून बसलेले. वाचन सुरू व्हायच्या जरा आधी बेल वाजली. दारात डायना आणि तमारा, आणि त्यांच्यामागे बॅग धरून शिमू. तो दारातच घुटमळला, आत यावं की नाही असा.

बाबा बाकावर सरकले आणि शेजारची जागा हाताने झटकली.